भरतच्या गालावरचे वण

“मग फोटो प्रिंटसाठी एक्स्पोर्ट केल्यावरच चेहरा का बिघडतो, चाचा?”

सन्मती चौगुलेने लॅपटॉप दस्तगीर चाचांपुढे सरकवला. चाचांनी सांगलीत चाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून रिटचिंग केलेलं. सन्मती त्यांच्याच हाताखाली शिकला. आता गावभर नाव सन्मतीचं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

काम कमळाक्कांचं होतं. वारलेल्या मुलाचा, भरतचा एकुलता एक फोटो पुरात भिजून फ्रेमच्या काचेला चिकटला होता. सन्मतीने तो काचेसकट स्कॅन केला म्हणून बरं. काचेपासून सोडवताना त्याचा लगदाच झाला.

पहिली प्रिंट निळसर आली. त्याने कलर प्रोफाइल बदललं. दुसरी भुरकट आली. त्याने क्वालिटी शंभरावर नेली. तिसरीत खोट काढायला जागा नव्हती. कमळाक्कांनी ती बराच वेळ पाहिली आणि परत दिली.

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, हा माझा भरत नव्हे... सॉफ्टवेअरच कुठंतरी बारकावे खातंय, चाचा.”

चाचांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. पुराचे डाग काढताना आणखी काय काढलंस, एवढंच विचारलं.

गालावर कांजिण्यांचे वण होते, तेही साफ केले, असं सन्मतीने जरा ऐटीतच सांगितलं.

“पहिला स्कॅन दाखव.”

सन्मतीचा हात माऊसवर थबकला. दर वेळी त्याने त्याच नावाने, त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं. त्याने फोल्डर उघडलं, रिसायकल बिन पाहिला, पेन ड्राइव्ह लावून पाहिला...

“नाही,” तो म्हणाला.

चाचांनी हात पुढे करून लॅपटॉप हलकेच मिटला.

मग चाचा सांगू लागले. लग्नानंतर त्यांनी बायकोचा फोटो काढला होता आणि हौसेने तिच्या हनुवटीवरचा तीळ निगेटिव्हवरच पेन्सिलीने बुजवला होता. ती हसली होती. ती गेल्यावर एक दिवस त्यांना आठवेना, तीळ उजवीकडे होता की डावीकडे.

सन्मतीने मान खाली घातली.

“आता मी काय करू?”

“कमळाक्काकडं जा. भरत कसा दिसायचा, विचार तिला... आणि ती सांगताना मधे काही दुरुस्त करू नकोस.”