भूक असेल तेवढं

“मग अप्पा, माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगाल की नाही?”

मन्मथ हालगे सरांनी हे विचारलं तेव्हा अप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. नदीकाठच्या आमच्या मठाचे ते प्रमुख. उत्तराची घाई त्यांना कधीच नसते. ज्याला घाई असेल त्यानं शेंगा फोडू लागाव्यात.

सर काही फोडू लागले नाहीत. त्यांच्या मागं भिंतीला टेकून त्यांची मुलगी उभी होती, प्रांजल.

हालगे सर कोण, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. अकरावी-बारावीचा मोठा निवासी क्लास आहे त्यांचा. चौकाचौकात त्यांचा हसरा फोटो, आणि भोवती डॉक्टर होणाऱ्या पोरांची डोकी. एकेकाळी याच मठाची भाकरी खाऊन शिकले. आता त्यांची गाडी एवढी मोठी की आमच्या फाटकातून आत येत नाही.

“मी पोरांना काही कमी केलं नाही, अप्पा. बेल झाली की उठायचं, बेल झाली की खायचं, बेल झाली की झोपायचं. कपडे धुवायला माणूस, ताट वाढायला माणूस. केस कधी कापायचे तेसुद्धा आम्हीच ठरवतो. डोक्याला दुसरा ताप नको, फक्त अभ्यास. ही त्यातच वाढली. पहिली आली.”

“मग?”

“मेडिकलला गेली, आणि दिवाळीच्या आत परत. वॉर्डनबाई स्वतः सोडून गेल्या. जिन्यात चक्कर येऊन पडली म्हणे, दोन दिवसांची उपाशी. अहो, मेस खोलीच्या खालीच होती! सगळ्या तपासण्या केल्या. रोग काहीच नाही.”

अप्पांनी आणखी एक शेंग फोडली.

“सोमवारी हजर झाली नाही तर जागा जाते, अप्पा. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. तुमचं ऐकेल ती. तुम्ही फक्त ‘जा’ म्हणा.”

अप्पांनी मांडीवरची टरफलं झाडली.

“आधी जेवा,” ते म्हणाले.

आमच्या मठात कुणी कुणाला वाढत नाही. साहेब येवो नाहीतर भिकारी, ताट उचलायचं, भूक असेल तेवढं आपल्या हातानं घ्यायचं, जेवायचं, ताट घासून ठेवायचं. जुनी रीत आहे. सरही लहानपणी तसेच जेवले.

प्रांजल रिकामं ताट घेऊन पातेल्यासमोर उभी राहिली. उभीच राहिली. वरणाची वाफ तोंडावर येत होती, मागं माणसं खोळंबली होती.

“घे माय,” अप्पा म्हणाले. “भूक असेल तेवढं.”

तिनं मान वळवली.

“सर, किती घेऊ?”

बापाला सरच म्हणते ती. क्लासात सगळी पोरं म्हणायची, तिलाही तेच शिकवलं. मग घरीही तेच राहिलं.

“एक भाकरी, दोन पळ्या वरण.” सरांना क्लासातून फोन आला होता, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

तिनं तेवढंच घेतलं. कॉलेजात गेलेली पोर हो ही!

ती ताट घेऊन बसली. हात मांडीवर. अप्पा तिच्यासमोर येऊन बसले.

“बाळ, तुला काय पाहिजे?”

तिनं सरांकडं बघितलं.

“तुला. तुझं म्हणून काय पाहिजे?”

पोरगी लबाड नव्हती. तिनं मनापासून विचार केला. कपाळाला आठी पडली, ओठ हलले. मग अगदी नम्रपणे तिनं विचारलं,

“पर्याय कोणते आहेत?”

कुणी हसलं नाही.

सर फोन ठेवून पुढं सरसावले. “अप्पा, असं मोकळं विचारलं की मुलं गोंधळतात. आम्ही तशी तयारीच करून घेत नाही. थांबा, मी विचारतो.”

आणि त्या माणसानं खरोखर बोटांवर पर्याय मोजले.

“पहिला, शिक्षण सोडून घरी बसायचं. दुसरा, वर्ष वाया घालवायचं. तिसरा, कुठंतरी साधी पदवी करायची. चौथा... सोमवारी परत जाऊन डॉक्टर व्हायचं.”

“चौथा,” प्रांजल लगेच म्हणाली.

“बघा!” सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. बापच तो, तेवढं खोटं कशाला बोलू? “बघा अप्पा, तिलाच जायचंय! मी उगीच घाबरलो. सुटला प्रश्न.”

अप्पांची नजर तिच्यावरून हलली नव्हती.

“कसं ओळखलंस, माय?”

आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. हे तिला येत होतं.

“आधी चुकीचे पर्याय काढून टाकायचे,” ती म्हणाली. “पहिले तीन सांगताना सरांनी नाक मुरडलं. चौथ्याला आवाज मऊ झाला.”

सर हसायला गेले. ते हसू तोंडातच राहिलं.

कुणाचं तरी ताट घासल्याचा आवाज तेवढा मागच्या अंगणातून येत होता.

“अप्पा...” सरांचा आवाज फाटला. “मी हिला सगळं शिकवलं हो.”

प्रांजल दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, उत्तर बरोबर आलं की नाही ते कळायची वाट बघत. तिच्या ताटातलं वरण गार होऊन गेलं होतं. भाकरीला बोटसुद्धा लागलं नव्हतं.

अप्पा उठले. जाता जाता त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“पैकीच्या पैकी, मन्मथ,” ते म्हणाले. “आता तिला जेव म्हण.”