म्हातारीचे हात

“...पण दांडगे गडी अंगावर आले की हात थरथरू नये, यासाठी काय करायचं बाबा?”

गेनूबाबा मधमाश्यांची पेटी उघडत होते. एका पेटीच्या दोन करायच्या होत्या. जावळीच्या रानात पन्नास वर्षं हेच काम, आणि अंगावर कधी जाळी नाही.

विचारणारा राजस अमेरिकेत वाढलेला. तिथल्या फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन उभा राहणारा. समोरचे तुटून पडतात, आणि त्यांनी लोळवायच्या आत याने तो लांबच्या जोडीदाराकडे फेकायचा. साठ यार्ड सहज फेकायचा. बोलणंही त्याच मापाचं.

पण मोसमातला शेवटचा सामना त्याच्यामुळे गेला. जोडीदार टोकाला एकटा, हात वर करून उभा होता. राजसला तो दिसलाच नाही. चेंडू पोटाशी धरून तो आडवा झाला. संघात टिकायला आता पुढच्या मोसमाची एकच संधी उरली होती. म्हणून वडिलांनी त्याला गावी, आपल्या गुरूकडे, गेनूबाबांकडे धाडलं.

“ताकद आहे बाबा. नजर आहे...”

“नजर हाय?”

“आहे.”

बाबांनी माश्यांनी लगडलेली एक चौकट उचलून त्याच्या हातात दिली.

“ह्यात राणी हाय. पडली तर नव्या पेटीचं काय खरं न्हाई. म्हातारीकडं ने.”

दहा पावलांवर ठकूआई नव्या पेटीशी बसल्या होत्या. डोळे गेलेले. दोन्ही हात पुढे.

राजस निघाला. चौथ्या पावलाला एक माशी मनगटावर चढली. त्याने खाली पाहिलं. दुसरी आली. तिसरी...

त्याने हात झटकला आणि चौकट सुटली.

मागोमाग आलेल्या बाबांनी ती वरच्या वर झेलली. माश्या खवळल्या. ठकूआईंचे हात तसेच पुढे होते. बाबा रोजच्या चालीने गेले आणि चौकट त्या हातांत ठेवली. ठकूआईंनी चाचपून ती पेटीत बसवली, झाकण लावलं.

राजसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचा हात कोपरापर्यंत सुजत चालला होता.

“बाबा, किती चावल्या?”

“कुणाला ठावं. मी म्हातारीचं हात बघत हुतो.”