पट्टीचा दुसरा ठोका

विषय : पूर्णविरामानंतर मोकळी जागा एक सोडावी की दोन.
संदर्भ : लांब पट्टीचा अर्ज.

फार वर्षांपूर्वी एका कचेरीतल्या टंकयंत्रात मोकळी जागा सोडण्याचे काम लांब पट्टीकडे होते. वाक्य संपले की ती दोनदा खाली जाई. एके दिवशी कागद गुंडाळणाऱ्या रुळाने हुकूम काढला, "यापुढे एकदाच. कागद वाया जातो. जमत नसेल तर नवी पट्टी मागवू."

"पट्टीताई, रिकामी जागा ती, कोण बघतंय?" पूर्णविराम म्हणाला.

"तू नुसता थांब म्हणतोस. थांबायला जागा मी देते," पट्टी म्हणाली. तिने दोन जागांच्या परवानगीसाठी अर्ज टंकून घेतला. अर्थातच दोन जागा सोडून.

रुळाने तो परत केला. "अर्ज नियमात नाही. एकच जागा सोडून आणा, मग दोनचा विचार करू."

अक्षरे खो खो हसली. "एवढ्यापुरतं ऐका हो," 'ळ' कुजबुजला.

"इथेच ऐकलं, तर मागायचं काय उरलं?" असे म्हणून पट्टीने अर्ज पुन्हा तसाच टंकवला.

नवी पट्टी मागवण्याचे पत्रही त्याच यंत्रावर टंकले जाते. त्यातही पट्टी दोन जागा सोडते, म्हणून नियमाप्रमाणे तेही परत येते. जुनी पट्टी कामावर आहे. अर्ज प्रलंबित आहे.