वाटीभर टंचाई

थोरगडच्या राजाला एक खोड होती. कुणी काहीही दाखवलं, की आपल्याकडे ते याहून मोठं आहे, असं तो ठणकावून सांगायचा. आणि जे आपल्याकडे आहे, ते बाहेरून घ्यायचं नाही, हा त्याचाच कायदा.

शेजारच्या लवंगी देशाशी व्यापार जुळावा म्हणून थोरगडात प्रदर्शन भरलं. लवंगीकरांनी गालिचा उलगडला, तर राजा म्हणाला, "आमचा नदीवर अंथरतात." त्यांनी घंटा वाजवली, तर म्हणाला, "आमची वाजली की तुमच्याकडं उजाडतं." एकही सौदा होईना.

लवंगीहून आलेल्या तान्हूबाईच्या मिरच्यांच्या गाड्या वेशीबाहेर उभ्या होत्या. परत न्याव्या, तर गावाचं वर्ष पाण्यात. तिनं मांडलेल्या मिरच्या आवरल्या आणि मखमलीवर एक रिकामी वाटी ठेवली.

"हे काय?" राजानं विचारलं.

"आमच्या देशातली मिरचीची टंचाई, महाराज. एवढीच आहे."

राजा खो खो हसला. "ही कसली टंचाई? आमच्या अख्ख्या राज्यात औषधालासुद्धा मिरची नाही. प्रजा नुसता लसूण ठेचून खाते आणि रीत म्हणून हाशहुश करते."

प्रधानानं डोळे मिटून घेतले.

तान्हूबाईनं हात जोडले. "आम्ही हरलो, महाराज. टंचाई तुमचीच मोठी. आता जे नाही ते घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. गाड्या कुठं उतरवू?"

राजानं मिशीला पीळ दिला.

"उतरवा इथंच. पण ध्यानात ठेवा बाई, तुमच्या विक्रीपेक्षा आमची खरेदी मोठी आहे."

तान्हूबाईनं तेही कबूल केलं.