भोवऱ्याची मोकळी जागा

खेळणी बोलत असत, त्या काळची गोष्ट. जुईच्या खोलीत एक भोवरा होता. "पेटारा म्हणजे कैद! आपण मोकळेच राहू," असं तो सगळ्यांना सांगे. मग सगळी खेळणी जमिनीवरच लोळत पडत.

एकदा जुईने भोवरा फिरवला. तो ठोकळ्यावर आपटला, गाडीला धडकला आणि आडवा झाला.

"बिघडलाय हा. उद्या टाकूनच देते," जुई म्हणाली.

भोवरा घाबरला आणि कोपऱ्यातल्या केरसुणीकडे वळला. "केरसुणीमावशी, माझ्या टोकाची आर बोथट झाली का गं?"

"आर छान आहे रे. पण मोकळ्या राजा, फिरायला जमीन कुठे ठेवलीस?"

भोवऱ्याने खोलीभर लोळणाऱ्या खेळण्यांकडे पाहिलं. मग त्यानेच एकेकाला विनवून पेटाऱ्यात पाठवलं.

सकाळी जुईने त्याला शेवटचं म्हणून फिरवलं. तो खोलीच्या मधोमध गुणगुणत राहिला.

संध्याकाळी पेटारा उघडताच भोवरा सगळ्यांच्या आधी आत गडगडला.