वाटेत राहिलेली सावली

पाय पांघरुणात घ्या बघू सगळ्यांनी. घेतले? हं, मग ऐका.

एकदा काय झालं, इथून खूप लांब, समुद्राच्या पार पलीकडे, अँडीज नावाचे डोंगर आहेत ना, तिथं एक दरी होती. तिथले डोंगर आपल्याकडच्यासारखे काळे नाहीत, बरं का. एक पट्टा तांबडा, त्यावर पिवळा, त्यावर हिरवट, मग जांभळा. लुगडी वाळत घातल्यासारखे.

त्या दरीच्या पार वरच्या टोकाला बेनिता राहायची आणि तिची मुलगी सिसा. सिसा एवढीशी, आपल्या मुक्तीएवढी. वर माळावर मीठ पिकायचं. ते लामांच्या पाठीवर लादून मायलेकी खाली गावोगाव जायच्या, मीठ द्यायच्या आणि मका घ्यायच्या. लामा म्हणजे उंटाचा धाकटा भाऊच म्हणा. कुबड नाही, पण अंगभर लोकर. सगळ्यात छोट्या लामाचं नाव पुका. त्याची दोरी सिसाच्या हातात.

एका वर्षी त्या नदी ओलांडत होत्या आणि वर डोंगरात पाऊस कोसळला. चिखलाचा लोंढा आला धडधडत. बेनिता एका काठाला, सिसा एका खडकावर. पुका मात्र गेला वाहून. मग लोंढा ओसरला, बेनितानं पोरीला उचललं, पाहिलं तर अंगावर ओरखडासुद्धा नाही. घेऊन आली घरी.

पण सिसा बोलेना. हसेना, रडेना. घास तोंडात दिला तर तसाच राहायचा. बेनिताला काही सुचेना.

एक दिवस शेजारचे म्हातारे इलारिओ आजोबा अंगणात आले. भर उन्हात उभे राहिले आणि म्हणाले, "बेनिता, पोरीच्या पायाशी बघ."

बेनितानं पाहिलं. आजोबांची सावली होती, कोंबडीचीसुद्धा होती. सिसाची नव्हती.

"फार घाबरलं की सावली वाटेत राहते," आजोबा म्हणाले. "पोरीला घेऊन त्याच वाटेनं जा आणि सावलीला हाका मारत आण."

मग बेनिता निघाली. सिसाला पाठीशी बांधलं, तिची लोकरीची टोपी हातात घेतली. टोपी हलवायची आणि हाक मारायची, "सिसा, चल गं घरी."

पहिलं गाव आलं पिवळ्या डोंगराखालचं. तिथं फार जुनं देऊळ, त्यांच्या देवाचं. मातीच्या जाड भिंती आणि वर निवडुंगाच्या लाकडाचं छत. तिथले निवडुंग झाडाएवढे वाढतात, बरं का. दाराशी एक पाववाली बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, त्या भिंतीवर एक सावली फिरते. पोरीची. पण पोर कुठं दिसत नाही."

बेनितानं शाल काढली आणि भिंतीवर झडप घातली. शालीत आली नुसती माती. सावली सर्रकन खाली उतरून पळाली.

मग दुसरं गाव. तिथं टेकडीवर जुन्या लोकांचा दगडी कोट होता, पडका. पडक्या भिंतींत शेळ्या चरत होत्या. बेनितानं तिथं भाजलेला मका ठेवला, सिसाच्या आवडीचा, आणि लपून बसली. सावली आली. मक्यापाशी वाकली. बेनितानं हाक मारली मात्र, ती पुन्हा पळाली. तेव्हा बेनिता तिथंच दगडावर बसली आणि खूप रडली. आपलीच लेक आपल्याला बघून पळते, याचं दुःख केवढं असेल, सांगा.

तरी ती उठली. मग आली नदी. तीच ती, तांबड्या डोंगराखालची. तिथं काठाशी एक म्हातारी बसली होती. तिच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची शाल, तांबडी, पिवळी, हिरवी. चेहऱ्यावर सुरकुत्या, ओढ्यांनी डोंगर चिरावा तशा. खडकावर सिसाची सावली अंग चोरून बसली होती.

"माझ्या लेकीला धरून का ठेवलंस, आजी?" बेनितानं विचारलं.

"मी कुठं धरलंय?" म्हातारी म्हणाली. "थंडीत कुडकुडत होती, म्हणून जवळ बसले. तू तिला पकडायला गेलीस, खाऊ दाखवलास. तिच्या मनात काय आहे ते विचारलंस का?"

बेनितानं टोपी खाली ठेवली, वाळूत बसली आणि म्हणाली, "सांग बाळा. मी ऐकते."

मग खडकावरून बारीक आवाज आला. "आई, पुकाची दोरी मी सोडली. तू रागावशील."

म्हणजे एवढे दिवस पोर हे मनात घेऊन बसली होती.

बेनिता म्हणाली, "पुका गेला, मलाही वाईट वाटतं. पण दोरी सोडलीस हे बरं केलंस गं माझे आई. धरून राहिली असतीस तर तूही गेली असतीस. मग मी कुणाला हाका मारल्या असत्या?"

सावली हलली. हळूहळू वाळूवरून आली आणि सिसाच्या पायाला येऊन चिकटली. तशी सिसा हमसून हमसून रडायला लागली. बेनितानं गप्प नाही केलं तिला. रडू दिलं पोटभर. रडून झाल्यावर सिसा म्हणाली, "आई, भूक लागली."

बेनितानं वळून पाहिलं तर म्हातारी नव्हती. तिच्या जागी नुसता डोंगर, पट्ट्यापट्ट्यांचा. बेनितानं मक्याचा पहिला घास मातीला दिला आणि दुसरा लेकीला.

मग दोघी घरी आल्या. सिसा वाटभर बोलत होती, पुकाबद्दलच बोलत होती, आणि आई ऐकत होती. मीठ पिकत राहिलं, मका येत राहिला, मायलेकी सुखानं नांदल्या.

संपली गोष्ट. कुणाच्या मनात काही असेल तर सकाळी मला सांगा, मी रागावायची नाही. आता मिटा डोळे.