घरपोच दाखले

कळंबोलीच्या बेबीताई घरतांकडे जुने दोनच ट्रक. नव्या नियमाने जास्त धूर ओकणाऱ्या ट्रकना बंदरात मज्जाव झाला, तशा त्या विजेच्या ट्रकसाठी कर्ज मागायला फायनान्स कंपनीत गेल्या. सरदेशमुख साहेब खुर्चीत रेलून हसले.

"दोन ट्रकवाल्यांना कसलं कर्ज, बाई? धूरचाचणीचा दाखला एजंट घरपोच आणून देतो की! जुनेच चालवा."

बेबीताईंनी पिशवीतून अकरा वर्षांचे दाखले काढून टेबलावर ठेवले.

"हे सगळे घरपोचच आले, साहेब. ट्रक एकदाही मशीनपुढे उभा राहिला नाही." मग त्यांवर त्यांनी छातीचा एक्स-रे ठेवला. "ट्रक चालवणारे आमचे मालक मात्र मशीनपुढे उभे राहिले. मी डॉक्टरांच्या पाया पडले, पण छाती साफ असल्याचा खोटा दाखला काही मिळाला नाही."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला. मग त्यांनी कर्जाचा अर्ज पुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "यजमानांचीही सही लागेल. त्यांना घेऊन या."

बेबीताईंनी पिशवीत पुन्हा हात घातला. आत एकच दाखला उरला होता, मृत्यूचा.